सोमतनयांच्या खोलीतलं अर्धं वाक्य

१

हे कुणाशी बोलायचं नाही, असं मंजुळाआजींनी मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मान डोलावणं मला नेहमीच सोपं जातं. पण लिहिण्याबद्दल आजी काही म्हणाल्या नव्हत्या, आणि आता लिहिण्यावाचून मला दुसरं काही करताही येत नाही. ते का, ते पुढे येईलच.

माझं नाव स्वरूपा. मी नववीत आहे. आम्ही मूळचे औशाकडचे, पण माझा जन्म इथला, पिंपळे सौदागरचा. माझे बाबा, नवनाथ, चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्र्याचे भाग दाबून काढतात तिथे, आहेत. आमच्या घरात एकच कडक नियम आहे. पहिल्या हाकेला उठायचं. कंपनीची बस थांबत नाही, नळाचं पाणी थांबत नाही, आणि बाबा संध्याकाळी आम्हाला कुठूनही न्यायला आले की मोटारसायकल बंद न करता खालूनच हाक मारतात. दुसरी हाक मारायला लावली की ते काही बोलत नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहवत नाही. त्यामुळे हाक ऐकू आली की हातातलं टाकून माझे पाय आपोआप चालू लागतात.

शाळेत मी फारशी बोलत नाही. माझा धाकटा भाऊ ज्ञानेश सगळ्यांना सांगतो, "आमची ताई सायलेंटवर असते." वाचते मात्र मी चांगलं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत विजयश्री मॅडमनी मला ग्रंथालयाच्या कामाला घेतलं.

काम असं होतं. कवी सोमतनय यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह आमच्या शाळेला मिळणार होता. त्यांची कविता आम्हाला सहावीत होती. सगळ्यांनाच असते. ते राजगुरुनगरजवळ राहायचे आणि स्वातंत्र्याच्या आधीच वारले. त्यांचं घर रस्ता रुंद करताना गेलं, तेव्हा सगळी पुस्तकं त्यांच्या नातवाच्या, अर्जुनरावांच्या फ्लॅटमध्ये आली. दुसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट नाही. एका बेडरूममध्ये अर्जुनराव आणि मंजुळाआजी. दुसरीत पुस्तकं.

पहिल्या दिवशी आजींनी आम्हाला चहा दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, एक ध्यानात ठेव. पुस्तक वाचाया घेतलंस, तर वाक्य पुरं करूनच ऊठ. दारात कुनी का येईना. मधीच सोडून उठायचं न्हाई."

मॅडम हसून म्हणाल्या, "छान शिस्त आहे हो."

"शिस्त न्हाई," आजी म्हणाल्या. "आमच्यात तसं हाय."

२

ती खोली तशी साधी होती. भिंतीला चार लोखंडी कपाटं, फरशी पांढरी, खिडकीला सरकती जाळी. समोरच्या सोसायटीतल्या पोहण्याच्या तलावाचा उजेड छतावर हलायचा. खिडकीखाली कवींची बैठक होती. एक गादी, तिच्यावर पांढरी चादर, मागे लोड आणि पुढे लिहायचं उतरतं मेज. त्या गादीवर कुणी बसत नसे. आम्हीही खाली सतरंजीवर बसायचो. तरी चादरीच्या मधोमध नेहमी एक खळगा असायचा, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. आजी रोज सकाळी तो हाताने सपाट करायच्या. दुपारी मी यायचे तेव्हा तो परत असायचा. मला वाटलं, कापूस बसला असेल.

कामाची पद्धत ठरलेली होती. मी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायचं: नाव, लेखक, साल, पुस्तक कसं आहे. मॅडम लॅपटॉपवर टाइप करायच्या. ज्या पुस्तकांची पहिली पानं गेली होती, त्यांचं नाव कळत नसे. अशा वेळी उरलेल्या पहिल्या पानावर जे पहिलं पूर्ण वाक्य सापडेल ते वाचायचं, म्हणजे पुढे कुणाला तरी ते ओळखता येईल.

अर्जुनराव हॉलमध्ये बाल्कनीकडे तोंड करून चाकांच्या खुर्चीत बसलेले असायचे. झटक्यानंतर त्यांचं बोलणं गेलं होतं. ओठ मात्र सारखे हलायचे. मी जाता-येता त्यांना नमस्कार करायचे आणि ते माझ्याकडे बघायचे. तसं आमचं जमलं होतं. दोघांनाही बोलावं लागत नव्हतं.

मग मॅडमना निवडणुकीचं काम लागलं. त्यांनी मला आईच्या जुन्या फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग लावून दिलं. "तू वाच, फोन लिहील. मी रात्री तपासेन." फोनला सगळंच कळायचं असं नाही. 'पाने जीर्ण' म्हटलं की तो 'पाने जीन्स' लिहायचा. मॅडमनी त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली होती. बोलणं थांबलं की थोड्या वेळाने त्याचा माइक आपोआप बंद व्हायचा, हेही मी बघून ठेवलं होतं.

३

ते पुस्तक तिसऱ्या कपाटात खालच्या फळीवर होतं. पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती. आत खूण म्हणून एक छापील कागद होता. काढून पाहिलं तर कुठल्याशा कंपनीच्या कँटीनचं कूपन होतं, 'जेवण – एक'. जुन्या पुस्तकात ते विचित्र दिसत होतं. पण अर्जुनराव पूर्वी कंपनीत होते, त्यामुळे ते त्यांचं असणार.

खुणेचं पान हेच उरलेलं पहिलं पान होतं. मी पुस्तक आणि फोन मेजावर ठेवले, माइक चालू केला आणि पहिलं पूर्ण वाक्य शोधलं. ते पानाच्या अगदी तळाशी सुरू होत होतं. मी वाचलं:

"दिवेलागणीला ती मुलगी दारापाशी येऊन उभी राहिली, आणि तिने आत डोकावून पाहिले तेव्हा"

पान संपलं. मी पान उलटायला बोट लावलं.

"स्वरूपाऽ"

खालून बाबांची हाक आली. मोटारसायकल चालूच होती. त्या दिवशी ते लवकर सुटले होते.

मी उठले. आजींचं सांगणं मला आठवलं, अगदी खरं सांगते, आठवलं. पण तोवर मी जिन्यात होते. पाय आधी गेले.

अर्ध्या जिन्यात फोन राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून मी परत वर गेले. खोलीतून हळू बोलण्याचा आवाज येत होता, म्हातारा, कोरडा आवाज. मला वाटलं शेजारचा टीव्ही. मी आत गेले तेव्हा खोली रिकामी होती. पुस्तक तसंच उघडं होतं. मी फोन घेतला आणि धावत खाली आले.

सिग्नलला थांबलो तेव्हा मी स्क्रीन पाहिली. माझं वाक्य तिथे होतं, एकही चूक नव्हती. त्याच्या पुढे लिहिलं होतं:

"आत बसलेल्याने सरकून तिला जागा करून दिली."

मी पान उलटलं नव्हतं. पुढे काय छापलंय ते मला माहीत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, फोन पुढचे शब्द सुचवतो, त्याने सुचवले असतील. पण जो फोन 'जीर्ण' लिहू शकत नाही, तो हे सगळं कसं लिहील, असंही मनात आलं. तेवढ्यात सिग्नल सुटला.

४

त्या संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. सुट्टीतही मी ग्रंथालयाच्या कामाला डबा नेत असे. मी म्हटलं, "आई, उद्या मला डब्यात"

आणि पुढे काही आलं नाही.

मी अडखळले नाही. अडखळताना शब्द ओठांपर्यंत येऊन थांबतात, ते मला चांगलं माहीत आहे. हे तसं नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. उद्या डब्यात काय हवं ते मला माहीत होतं. भेंडी नको होती. पण ते म्हणायला गेले की आत रिकामं लागायचं.

"डब्यात काय?" आई म्हणाली.

"उद्या मला"

"ताई बफरिंग होतेय," ज्ञानेश म्हणाला. "नेट गेलं वाटतं."

आई हसली. मीही हसले. 'हो', 'नाही', 'आले' हे शब्द नीट येत होते. त्याच्याहून लांब काही सुरू केलं की मध्येच तुटायचं. रात्रीपर्यंत घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मी तसंही कुठे लांब बोलते?

मग मी धडा वाचून पाहिला. तो मोठ्याने, सरळ, शेवटपर्यंत वाचता आला. दुसऱ्याची वाक्यं पुरी होत होती. माझीच होत नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फ्लॅटवर गेले. आजी हॉलमध्ये ताटात तांदूळ निवडत होत्या. अर्जुनराव नेहमीसारखे बाल्कनीकडे तोंड करून होते. मी चपला काढता काढता म्हटलं, "आजी, मला आज लवकर"

आणि तुटलं.

पुस्तकांच्या खोलीतून कुणीतरी हळू म्हणालं, "जायचं आहे."

मी अर्जुनरावांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. 'जायचं आहे', असेच हलले. पण आवाज तिथून नव्हता आला. शिवाय कालचा आवाज नुसता म्हातारा होता. आजच्या आवाजात थोडा माझा आवाज होता. तो कसा, ते मला नीट सांगता येत नाही. धुतलेल्या कपड्यांत दुसऱ्याच्या कपड्याचा रंग लागावा, तेवढाच.

आजींचा तांदळातला हात थांबला होता.

"अर्धं सोडून उठलीस व्हय?"

मी मान हलवली.

"सांगितलं हुतं का न्हाई मी?"

मी परत मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. ताट बाजूला ठेवून त्यांनी मला जवळ बसवलं.

"ह्यांचं बी असंच झालं. रविवारचं वाचत बसलेलं. कंपनीतनं फोन आला, लगोलग या म्हनून. उठले. दारापातुर गेले आन् मला म्हनाले, 'मंजुळे, मी जरा', बस्स. त्याच्या म्होरं आजपातुर काय न्हाई. डाक्टर म्हनतो झटका आला. आला आसंल. मी कुठं न्हाई म्हनते?"

"मग त्यांनी ते"

आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. आजींनी आवाज चढवून ते बुडवलं.

"पुरं का न्हाई केलं, असंच ना? कसं करनार? कुठलं पुस्तक ते मला ठावं न्हाई. मला वाचता येत न्हाई, आन् ह्यांना सांगता येईना. दाखीव म्हनलं, तर नुसते रडायचे. इतकी पुस्तकं. मी एकेक म्होरं धरलं, म्हैनाभर. मग सोडलं."

मी पिशवीतून कँटीनचं कूपन काढलं. काल घाईत ते माझ्याजवळच राहिलं होतं. मी ते अर्जुनरावांसमोर धरलं.

त्यांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"आत जा," आजी म्हणाल्या. "वाच ते वाक्य आन् पुरं कर. मी हितंच हाय, दाराशी. भिऊ नगं."

६

पुस्तक मेजावर तसंच उघडं होतं. बाहेर ऊन होतं, तलावात मुलं ओरडत होती, छतावर उजेड हलत होता. भीती वाटावी असं त्या खोलीत काहीही नव्हतं, असं मी मनात म्हणत होते. चादरीवरचा खळगा नेहमीच्याच जागी होता.

मी वाक्य पहिल्यापासून वाचलं. "दिवेलागणीला ती मुलगी दारापाशी येऊन उभी राहिली, आणि तिने आत डोकावून पाहिले तेव्हा" मग पान उलटलं.

पुढचं पान कसरीने खाल्लेलं होतं. त्याच्यापुढचंही, आणि त्याच्यापुढचंही. नुसती जाळी उरली होती. मी पान उजेडाकडे धरलं तर त्यातून खिडकी दिसली. त्या वाक्याचा शेवट जगात कुठेच छापलेला उरला नव्हता. असेल तर दुसऱ्या एखाद्या प्रतीत, पण पुस्तकाचं नाव कुणाला माहीत आहे?

शेवट एकाच ठिकाणी होता. माझ्या फोनमध्ये.

मी फोन काढला. ती ओळ उघडली. ते शब्द पुस्तकातले आहेत की नाहीत, ते मला कळत नव्हतं. पुस्तकातले असतील तर वाचायला हरकत नव्हती. पुस्तकातले नसतील, तर ते कुणाचे?

"झालं का?" बाहेरून आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांची दया आली. आणि मला माझी वाक्यं परत हवी होती.

मी वाचलं, "आत बसलेल्याने सरकून तिला जागा करून दिली."

आवाज झाला तो अगदी साधा. चादर घासल्याचा. मी वर पाहिलं तेव्हा हालचाल संपत आली होती. गादीवरचा खळगा मधोमध नव्हता. तो भिंतीकडे सरकला होता आणि चादरीला तिकडे बारीक चुण्या पडल्या होत्या. खिडकीच्या बाजूला, माझ्या बाजूला, चादर स्वच्छ सपाट झाली होती. कुणीतरी हाताने नीट केल्यासारखी.

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. खणखणीत, जड, पुरुषाचा.

"मंजुळे, जरा पाणी दे."

७

मी बाहेर आले तेव्हा आजी अर्जुनरावांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होत्या. पाण्याचा तांब्या तसाच कलंडला होता. अर्जुनराव त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होते, "अगं, किती रडशील, पाणी सगळं खाली गेलं." सगळी वाक्यं पुरी.

मला म्हणायचं होतं, आजी, मी जाते.

"आजी," मी म्हटलं. पुढचं आलं नाही. आता खोलीतूनही कुणी काही म्हणालं नाही.

आजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं. मला खात्री आहे, त्याच क्षणी आलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी मिटल्यासारखं झालं. मग त्या उठल्या, माझा हात त्यांनी घट्ट धरला आणि म्हणाल्या, "हे कुनाशी बोलू नगंस, पोरी. ह्यांना आठ वरसांनी वाचा आलीय. देवाचं हाय हे." त्यांनी डब्यातले रव्याचे लाडू माझ्या पिशवीत घातले. माझ्याकडे न बघता घातले.

मी मान डोलावली.

८

तेव्हापासून अर्जुनरावांचं बोलणं वाढतंच आहे. डॉक्टरांनी त्यांचा व्हिडिओ काढून नेला. सोसायटीत पेढे वाटले. आणि माझं रोज थोडं कमी होतंय. गेल्या आठवड्यात 'आले' जाऊन नुसतं 'आ' राहिलं. घरी सगळ्यांना वाटतं, वय आहे, लाजते. शाळेत वर्गाच्या बाई म्हणतात, घशाला आराम दे. आई काल शेजारणीला सांगत होती, "ती तशीही कुठं बोलते?" मी समोरच होते. मी ओरडायला तोंड उघडलं होतं.

उद्या शाळेत ग्रंथालयाचं उद्घाटन आहे. दोन मिनिटांचं भाषण माझं होतं, ते आता अर्जुनराव करणार आहेत. मॅडम खूश आहेत. परवा पुस्तकं आली, कपाटं लागली, आणि कवींची बैठकही आली. दर्शनी भागात, खिडकीखाली मांडली आहे. मॅडमनी नवी इस्त्रीची चादर घातली. काल शाळा सुटताना मी जाळीच्या दारातून पाहिलं. भिंतीकडे तो जुना खळगा होता. आणि त्याच्या शेजारी, जी जागा सपाट होती तिथे, आता दुसरा होता. लहान. मी माझी स्कूलबॅग पोटाशी धरून मांडी घालते, तेव्हा माझी जेवढी बैठक होते, तेवढाच.

म्हणून मी हे लिहितेय. लिहिताना अजून वाक्यं पुरी होतात. प्रत्येक वाक्याचा शेवट आला की मी पूर्णविराम दाबून काढते. हे मी मॅडमना देणार आहे, उद्या कार्यक्रमाच्या आधी. कारण माझं जे व्हायचं ते होईल, पण आमच्या शाळेत प्रत्येक वर्गाला वाचनाचा तास असतो, आणि तास संपला की घंटा होते. घंटा झाली की मुलं वाक्य संपेपर्यंत थांबत नाहीत. जे वाचत असतील ते टाकून पळतात. मी स्वतः पळाले आहे. पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं, रोज, प्रत्येक तासाला. त्या गादीवर अजून किती जागा आहे ते मला माहीत नाही.

आत्ता दुपार आहे. आई कामाला गेली आहे, ज्ञानेश मैदानावर आहे. बाबांचा मेसेज आला आहे, आज ओव्हरटाइम आहे, उशीर होईल. घरात मी एकटीच आहे, त्यामुळे मध्ये कुणी उठवणार नाही. शेवटची एक गोष्ट लिहायची राहिली आहे, तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

खाली मोटारसायकल थांबली. बंद नाही केली. बाबांनी हाक मारली.

मेसेज अर्ध्या तासापूर्वीचा आहे. चाकणहून इतक्या लवकर कसे येतील? पण आवाज बाबांचाच आहे. मी उठणार नाही. हे वाक्य पुरं करूनच उठणार आहे, पाय धरून बसले आहे. मॅडम, मुलांना ती पुस्तकं हातात द्यायच्या आधी तुम्ही त्यांना एवढं नक्की सांगा, की घंटा झाली तरी, कुणीही, अगदी ओळखीच्या आवाजात हाक मारली तरी